हात आवरण्याची विद्या

मराठीच्या प्राध्यापकाने शस्त्रक्रियेच्या इतिहासावर बोलावे हा अनधिकारच. परंतु सहा वर्षांपूर्वी माझ्याच मानेत, जबड्याखाली, एक गाठ दिसू लागली. ती आडवी हलत असे, वरखाली नाही. आणि बोटाखाली नाडीसारखी उडत असे. एका डॉक्टरांनी तिचा तुकडा तपासणीसाठी काढावयाचे ठरविले होते. दुसऱ्यांनी वेळीच थांबविले. गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली होती. तिला छेद देणे म्हणजे रक्तस्रावास निमंत्रणच.

मानेतील मुख्य धमनी जेथे दुभंगते, तेथे तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड असतो. हालर यांचे शिष्य टाउबे यांनी १७४३ मध्ये त्याचे वर्णन केले. रक्तातील प्राणवायूची घट तो ओळखतो, हे मात्र विसाव्या शतकात उमगले. त्या संशोधनाबद्दल हेमन्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक लाभले. अँडीज पर्वताच्या विरळ हवेत राहणाऱ्यांत या पिंडाची गाठ अधिक आढळते.

१८८० मध्ये रीग्नर यांनी धमनी बांधून गाठ काढली; रोगी दगावला. १८८६ मध्ये मायडल यांचा रोगी वाचला, पण त्याला अर्धांगवायू झाला आणि त्याची वाचा गेली. १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या आल्बर्ट यांनी धमनी राखून गाठ सोडविली. १९४० मध्ये गॉर्डन-टेलर यांनी धमनीच्या बाह्य आवरणालगतची सुरक्षित वाट दाखविली. १९७१ मध्ये शॅम्ब्लिन यांनी गाठीने धमनीला किती वेढले आहे, यावरून तिच्या तीन पायऱ्या ठरविल्या. प्रगती झाली ती अधिक कापल्याने नव्हे. काय कापू नये, हे कळल्याने.

सुश्रुताने कंठाच्या दोन्ही बाजूंच्या नीला आणि मन्या या मर्मांना इजा झाल्यास मूकत्व, स्वरविकृती आणि रुचिनाश सांगितला आहे. वर्गात कधीतरी वाचलेला तो भाग मला शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आठवला. आयुष्यभर आवाजावर पोट भरलेल्या माणसाला मरणाहून मौनाचे भय अधिक वाटले. आवाज राहिला, थोडा घोगरा झाला, तो आपण ऐकतच आहात.

पुढे माझ्या रक्तात एक आनुवंशिक दोष आढळला. त्याचे जनुक २००० मध्ये सापडले. हा दोष पित्याकडून आला तरच बहुधा रोग प्रकटतो. म्हणून मी मुलगा आणि मुलगी दोघांनाही स्पष्ट सांगितले आणि तपासणी करविली. आपल्या घरांत आजार झाकण्याची रीत आहे. शस्त्रवैद्याने हात आवरावा; पित्याने मात्र जीभ आवरू नये.