एकतंत्री मनाचा शोध

राजकीय पक्षांस डावे व उजवे म्हणण्याचा प्रघात १७८९ सालच्या फ्रेंच राष्ट्रसभेंतील आसनव्यवस्थेपासून पडला. परंतु मनुष्य कोणत्या बाजूस बसतो एवढ्यावरून त्याच्या मनाची ठेवण कळते काय?

१९३२ च्या नोव्हेंबरांत बर्लिनच्या वाहतूक-कामगारांनीं पगारकपातीविरुद्ध संप केला. एरव्हीं रस्त्यांत एकमेकांचीं डोकीं फोडणारे कम्युनिस्ट व नाझी या संपांत एका बाजूस उभे राहिले. समाजवादी लोकशाहीवाद्यांस कम्युनिस्ट 'सोशल फॅसिस्ट' म्हणत, व त्यांनाच मुख्य शत्रु मानीत. तीन महिन्यांच्या आंत, ३० जानेवारी १९३३ रोजीं, हिटलर अधिकारारूढ झाला. आणि त्यानंतर जे प्रथम तुरुंगांत पडले, त्यांत हजारों कम्युनिस्ट होते.

व्यक्तींचे दाखलेही बोलके आहेत. मुसोलिनी १९१४ पर्यंत समाजवादी पक्षाच्या 'अवंती' पत्राचा संपादक होता. फ्रान्सचा दोरिओ १९३४ पर्यंत कम्युनिस्ट पुढारी होता. १९३६ सालीं त्यानें जो पक्ष काढला, तो फॅसिस्ट वळणाचा ठरला. मतें पालटलीं, प्रतिपक्षाविषयींची असहिष्णुता पालटली नाहीं.

१९५० सालीं अडोर्नो प्रभृति चौघा संशोधकांनीं या वृत्तीचें माप घेण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. वरिष्ठांपुढें नमणें, दुर्बलांस तुच्छ लेखणें, रूढि मोडणारास शासन व्हावें असें वाटणें, हीं त्यांनीं सांगितलेलीं कांहीं लक्षणें होत. १९५४ सालीं एडवर्ड शिल्स यांनीं आक्षेप घेतला कीं, या मापाला डाव्या बाजूची हुकूमशाही वृत्ति दिसतच नाहीं. पुढें १९६० सालीं मिल्टन रोकीच यांनीं, मत कोणतें आहे यापेक्षां तें किती घट्ट मिटलेल्या मनानें धरलें आहे, याकडे लक्ष वेधलें.

यावरून दोन्ही पक्ष सारखेच, असा सोयीचा निष्कर्ष मात्र काढूं नये. समता व वंशश्रेष्ठता हीं ध्येयें एक नव्हत. आणि ही वृत्ति उभय बाजूंस सारख्याच प्रमाणांत आढळते कीं काय, याविषयीं संशोधकांत अद्याप मतभेद आहे. इतिहास सांगतो तें एवढेंच कीं, उदात्त ध्येय हें या रोगावरचें कवच नव्हे.

म्हणून वाचकानें परीक्षा स्वतःपासून आरंभावी. आपल्या पुढाऱ्यानें केलेला अन्याय आपणांस अन्याय वाटतो, कीं केवळ अपरिहार्य कठोरता वाटते? बर्लिनमध्यें हा प्रश्न वेळेवर विचारणारे फार थोडे निघाले.