पॅडलची 'पॉवर' रॅकेट घेताय? किंमत बघण्याआधी आपला हात बघा

सिल्वासा : पॅडल हा खेळ एन्रिके कॉर्क्वेरा यांनी 1969 मध्ये मेक्सिकोतील अकापुल्को येथे सुरू केला. 2025 मध्ये मुंबईत वर्ल्ड पॅडल लीगचे सामने झाले. खेळात मुरलेल्यांना पुढे 'पॉवर' रॅकेट घ्यावीशी वाटते. ती महाग असते आणि चुकीची निवडली तर पैशांसोबत कोपरही जाते.

पॉवर कशासाठी?
पॅडलचे कोर्ट 20 बाय 10 मीटर, चारही बाजूंनी काच आणि जाळीने बंदिस्त असते. स्मॅश मारल्यावर चेंडू टप्पा घेऊन भिंतीवरून कोर्टाबाहेर गेला तर गुण मिळतो. अर्धवट जोराचा चेंडू काचेवर आपटून समोरच्याच्या हातात आयता येतो. म्हणून जोर हवा, पण तो दर वेळी लागला पाहिजे.

आकार आणि तोल
नियमानुसार रॅकेट जास्तीत जास्त 45.5 सेंमी लांब, 26 सेंमी रुंद आणि 38 मिमी जाड असते. पॉवर रॅकेट बहुधा हिऱ्याच्या आकाराची असते. तिचे वजन डोक्याकडे झुकलेले असते, त्यामुळे फटक्याला जोर मिळतो. मात्र चेंडू नीट बसण्याची जागा लहान आणि वरच्या बाजूला असते. दहापैकी चार-पाच फटके कडेला लागत असतील, तर थेंबाच्या आकाराची रॅकेट बरी.

वजन
अशा रॅकेटचे वजन साधारण 360 ते 375 ग्रॅम असते. वरून ग्रिपची पट्टी आणि कडेचे संरक्षक लावले की ते वाढते. दुकानात दोन मिनिटे हलकी वाटलेली रॅकेट तिसऱ्या सेटमध्ये जड होते. बॅडमिंटनमधून आलेल्यांनी विशेष सांभाळावे. तिथे मनगटाच्या झटक्याने काम भागते. तोच झटका चौपट वजनाच्या रॅकेटने दिला की ताण थेट कोपरावर येतो.

आतला फोम, बाहेरचा कार्बन
कडक ईव्हीए फोम आणि कार्बनचा पृष्ठभाग जोरदार फटका परत देतात, पण हादराही हातात पोहोचवतात. उन्हात फोम मऊ पडतो आणि चेंडूही जास्त उसळतो. त्यामुळे एप्रिल-मेच्या आपल्या उकाड्यात मध्यम कडक फोमही पुरेसा जोर देतो. थंड, एसी हॉलमध्ये हीच रॅकेट कडक लागते. जिथे जास्त खेळणार, तिथल्या हवेप्रमाणे निवड करावी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवू नये. पावसाळ्यात घामाने मूठ सरकते, तेव्हा ग्रिपची पट्टी वरचेवर बदलावी. मनगटाची दोरी नियमाने सक्तीची आहे.

घेण्याआधी
- शक्य असल्यास तीच रॅकेट मागून किंवा भाड्याने घेऊन दोन-तीन पूर्ण सामने खेळावेत.
- शेवटच्या अर्ध्या तासातले स्मॅश मोजावेत. सुरुवातीचे फटके सगळ्यांचेच चांगले बसतात.
- दुसऱ्या दिवशी कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखले, तर हलकी किंवा मऊ फोमची रॅकेट बघावी. दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.
- दुसऱ्या राज्यातून किंवा ऑनलाइन घेतल्यास पक्के बिल घ्यावे आणि वॉरंटीत काय बसते ते आधीच विचारावे.

दोन रॅकेटमध्ये मन अडले, तर थोडी हलकी घ्यावी. दमल्यावरही जिचा फटका नीट बसतो, तीच आपली पॉवर रॅकेट.