अडकलेला प्लग आणि जुन्या ट्रकांची कारागिरी
सातारा-सांगली भागातील यंत्रकारागिरी ट्रकांच्या वर्दळीहून जुनी असून, १९१० मध्ये उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत वसवली, तर पुढे सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने घडू लागली. अशीच कारागिरी ट्रकदुरुस्तीतही लागे: जुन्या पेट्रोल ट्रकांत इंधनमिश्रण ठिणगीने पेटवणारा स्पार्क प्लग इंजिनाच्या बिडाच्या हेडमध्ये गंज व काजळीने घट्ट बसे. जोर केल्यास त्याची चिनी माती तडके किंवा हेडचे आटे खराब होत, म्हणून आट्यांत तेल मुरवून, पान्याने किंचित सैल करून पुन्हा आवळत, तो हळूहळू काढावा लागे. १९५४ पासून टाटा-मर्सिडीज-बेंझचे ट्रक आले आणि त्यांतील डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटत असल्याने त्यांना स्पार्क प्लगची गरज उरली नाही. तरी गंजलेला आटा धीराने सोडवण्याचे ते कसब आजही मोलाचे आहे.