डॅशबोर्ड मीटरच्या वायरिंगमधील बिघाड : हातबांधणीच्या स्पोर्ट्स कार

सुट्या भागांतून जोडलेल्या किंवा छोट्या कारखान्यात हाताने बांधलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये इंधन, तापमान, तेलाचा दाब किंवा इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा भरकटला, तर दोष बहुधा मीटरमध्ये नसतो, अर्थिंगमध्ये असतो. नवा मीटर विकत घेण्याआधी हे तपासावे.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर १.८एस. गिडो आणि शमा बोथे यांच्या या कारखान्याने नळ्यांच्या सांगाड्यावर फायबरग्लासची बॉडी चढवली आणि इसुझूचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन बसवले. घाट कॉलिन चॅपमन यांच्या लोटस सेव्हनचा. १९५७ सालची ती ब्रिटिश गाडी सुट्या भागांच्या संचात विकली जाई, कारण तशा संचावर तिकडे खरेदी कर लागत नसे. गोव्यात बांधलेल्या सॅन स्टॉर्मची बॉडीही फायबरग्लासचीच.

बिघाडाची मुख्य गोष्ट याच फायबरग्लासमध्ये आहे. पत्र्याच्या गाडीत बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारा प्रवाह बॉडीतून जातो. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक मीटरला, दिव्याला आणि टाकीतल्या सेंडरला (मीटरला संकेत पाठवणाऱ्या भागाला) चासीपर्यंत स्वतंत्र काळी वायर द्यावी लागते. तीही रंगावर कसली तर उपयोग शून्य. रंग खरवडून उघड्या लोखंडावर दातेरी वॉशर घालून ती आवळावी लागते. हेडलाइट लावताच तापमानाचा काटा हलला, तर दोघांची अर्थिंग वायर एकच आहे आणि तिचा जोड सैल आहे, असे धरून चालावे. इंजिन रबरी पायांवर बसलेले असल्याने इंजिन ते चासी अशी जाड पट्टीही हवी. ती विसरली, तर स्टार्टरचा मोठा प्रवाह परतीसाठी बारीक वायरी आणि क्लच-ॲक्सिलरेटरच्या केबली शोधतो आणि त्या तापतात.

तपासणी मल्टिमीटरने होते. दिवे व पंखा चालू ठेवून एक टोक मीटरच्या अर्थिंग पिनेवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर धरावे. ०.२ व्होल्टच्या वर वाचन आले, तर जोड उघडून साफ करावा. अर्थिंग निर्दोष ठरले की सेंडरकडे वळावे. तापमानाचा सेंडर तापला की त्याचा विद्युतरोध घटतो. म्हणून त्याची वायर तुटली तर काटा थंडवर पडून राहतो आणि चासीला चिकटली तर थेट गरमवर जातो. सेंडरच्या आट्यांवर गळती थांबवण्यासाठी जाड टेफ्लॉन टेप गुंडाळली, तर त्याचा इंजिनाशी संपर्कच तुटू शकतो. हे फार वेळा घडते. सेंडरची वायर थेट बॅटरीच्या धन टोकाला लावून पाहू नये.

इंधनाच्या मीटरची अडचण वेगळी. सेंडर आणि मीटर निरनिराळ्या गाड्यांतून आणलेले असतात. एका प्रकारात टाकी रिकामी असताना २४० ओहम व भरलेली असताना ३३ ओहम, तर दुसऱ्यात रिकामीला १० आणि भरलेलीला १८० ओहम. जोडी चुकली तर काटा उलटा चालतो. जुन्या ब्रिटिश मीटरमागे सरासरी १० व्होल्ट देणारा स्टॅबिलायझर असतो. त्याचेच अर्थिंग तुटले, तर बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज पुढे जाते आणि इंधन व तापमान दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवतात. एकदम दोन काटे चुकले, की सेंडर उघडत बसू नये.

हवामानाचाही वाटा असतो. अलिबागच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या तारा आणि थिंबल (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) यांमधला जोड हिरवा पडतो. गोंदियाकडे कडक उन्हाळा वायरीचे आवरण ठिसूळ करतो, मग पावसाळ्यात तडकलेल्या जागी ओल शिरते; भाताच्या गोदामांच्या आसपास गाडी उभी राहात असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही बघावी.

फेरे दाखवणारा मीटर इग्निशन कॉइलकडून येणारे ठोके मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठोके अपेक्षित असतात. डिस्ट्रिब्युटर नसलेल्या, दोन जोड-कॉइलच्या इंजिनात एकाच कॉइलवरून वायर घेतली तर ठोका एकच येतो. वायरिंग निर्दोष असूनही इंजिन ४,००० फेऱ्यांवर असताना काटा २,०००वर थांबतो.