प्रसूती व स्त्रीरोग विकृतिशास्त्राचे निवासी प्रशिक्षण : मुंबई-पुणे परंपरा आणि मावळातील लोहगडवाडी

प्रस्तावना

शस्त्रक्रियेत काढलेले गर्भाशय, क्युरेटिंगने मिळालेले अस्तर, प्रसूतीनंतर पडलेली वार किंवा गर्भाशयमुखाचा गव्हाएवढा तुकडा यांचे सूक्ष्मदर्शकाखाली वाचन करणे म्हणजे प्रसूती व स्त्रीरोग विकृतिशास्त्र होय. या वाचनावर एखाद्या स्त्रीचे पुढील आयुष्य अवलंबून असते. हे वाचन निवासी डॉक्टर कोठे, कोणाकडून आणि कशा पद्धतीने शिकत आले, याचा इतिहास महाराष्ट्रात मुख्यतः मुंबई व पुणे या दोन शहरांत घडला. लोहगडाच्या पायथ्याची लोहगडवाडी ही वस्ती याच दोन शहरांच्या दरम्यान आहे. या प्रशिक्षणाचा विकास पाहणे आणि अशा वाडीवरील स्त्रीपर्यंत त्याचा लाभ कोणत्या वाटेने पोहोचतो याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबईतील पायाभरणी

मुंबईत आधुनिक वैद्यकशिक्षणासाठी 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजची स्थापना झाली. ‘ग्रेज अॅनॉटमी’ या विख्यात ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर 1858 पासून तेथे अध्यापन करीत होते. मदुरापाद, कुष्ठरोग व पुनरावर्ती ज्वर यांवरील त्यांच्या अभ्यासामुळे सूक्ष्मदर्शकावर आधारलेल्या विकृतिशास्त्राला मुंबईत आरंभीच बळ मिळाले. मात्र स्त्रीचे शरीर या अभ्यासाच्या कक्षेत सहज येत नव्हते. पुरुष डॉक्टरकडून तपासणी करून घेण्यास स्त्रिया राजी नसत. 1886 हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियातून वैद्यकीय पदवी संपादन केली; त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले.

पुढचा टप्पा 1926 चा. परळ येथे के. ई. एम. रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज कार्यान्वित झाले आणि त्याच परिसरात नवरोसजी वाडिया प्रसूतिगृहही उभे राहिले. प्रसूतिगृह, अध्यापन रुग्णालय आणि विकृतिशास्त्र विभाग हाकेच्या अंतरावर आल्यामुळे शस्त्रक्रिया करणारा हात आणि काचपट्टी वाचणारा डोळा यांची गाठ पडू लागली.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे कार्य याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. 1923 मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी घेऊन आलेल्या खानोलकरांनी मुंबईच्या दोन्ही प्रमुख वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. 1941 मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यावर तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. 1952 मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण निरनिराळ्या समाजांत निरनिराळे आढळते, या बाबीकडे त्यांनी लक्ष वेधले. काचपट्टीमागे एक समाज असतो, तिथली राहणी, विवाहवय आणि दारिद्र्य असते, हा संस्कार त्यांनी पुढील पिढ्यांना दिला.

प्रशिक्षणाची पद्धत

स्त्रीरोगतज्ज्ञाने स्वतः काचपट्टी वाचावी, हा आग्रह बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुजला. तेथे टॉमस कलन यांनी स्त्रीरोग विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा विकसित केली. एमिल नोव्हाक यांच्या 1940 च्या पाठ्यपुस्तकाने ही परंपरा जगभर नेली. भारतात मात्र वाचनाचे काम विकृतिशास्त्र विभागाकडे राहिले आणि स्त्रीरोग विभागातील निवासी डॉक्टरकडे नमुना पाठविण्याचे काम आले. दोन्ही विभागांची संयुक्त बैठक जेथे नियमित होते, तेथे हे अंतर कमी होते. जेथे होत नाही, तेथे अहवाल केसपेपरला टाचला जातो आणि शिक्षण तेथेच थांबते.

नमुना पाठविणे हे वरकरणी हमालीचे काम वाटते. वस्तुतः प्रशिक्षणाचा खरा आरंभ तेथेच होतो. नमुन्याच्या सुमारे दहापट फॉर्मॅलिन हवे. गर्भाशय न उघडता तसेच बुडविले, तर आतील अस्तरापर्यंत द्रव पोहोचत नाही आणि ज्यासाठी शस्त्रक्रिया केली तेच कुजून जाते. अस्तराचे रूप मासिक पाळीच्या पूर्वार्धात एक आणि उत्तरार्धात दुसरे असते. त्यामुळे शेवटच्या पाळीची तारीख व रुग्णेचे वय फॉर्मवर नसेल, तर काचपट्टीवरील चित्र प्राकृत की विकृत, हे कुशल तज्ज्ञालाही ठरविणे कठीण जाते. पस्तिशीत सामान्य ठरणारे चित्र साठीत धोक्याची सूचना असू शकते. मूल होत नाही म्हणून केलेल्या क्युरेटिंगमध्ये क्षयाच्या गाठी आढळतात, त्या वेळी अहवाल उपचाराची दिशाच बदलतो. गर्भपातानंतरचा अंश तपासणीविना फेकून दिला, तर द्राक्षगर्भ निसटू शकतो आणि त्यातून उद्भवणाऱ्या कर्करोगाची चाहूल उशिरा लागते.

पुणे आणि मावळ

पुण्यात 1946 मध्ये बी. जे. मेडिकल कॉलेज व 1948 मध्ये सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मावळ तालुक्यात 1995 मध्ये तळेगाव दाभाडे येथे ‘माईर्स’ संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या स्थापनेपासून दीडशे वर्षांनी वैद्यकीय महाविद्यालय तालुक्यात आले, असे म्हणता येईल. बोरघाटातील रेल्वे तर 1863 पासूनच मुंबई-पुणे जोडून होती. लोहगडवाडीच्या स्त्रीला ती गाठायची, तर गड-पायथ्यावरून भाजे आणि मळवली असा उतार उतरावा लागतो. पावसाळ्यात, भातलावणीच्या ऐन दिवसांत, अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन कोणी हा उतार सहसा उतरत नाही. ज्ञानाची दोन केंद्रे दोन्ही हातांना असणे म्हणजे ज्ञान घरी पोहोचणे नव्हे, हे या भूगोलावरून स्पष्ट होते.

ग्रामीण पुरावा

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, तर पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. रुग्णालयात येणाऱ्या नमुन्यांवर शिकलेला निवासी डॉक्टर रोगाचा किती अल्प भाग पाहतो, हे या आकड्यांनी दाखविले.

बार्शी येथे 1987 मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयोगटातील 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. पेशीतपासणीच्या गटात मात्र लक्षणीय घट दिसली नाही. तुलनेच्या गटातील स्त्रियांना चाचणी न देण्याच्या निर्णयावर नैतिक आक्षेपही घेतले गेले व ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, अल्पकाळ प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी अॅसेटिक आम्ल लावून केलेल्या तपासणीने मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही अभ्यासांत संशयित आढळलेल्या स्त्रीचा अखेरचा निर्णय मात्र बायॉप्सीच्या वाचनावरच ठरत होता. चाचणी वाडीवर नेता येते. वाचणारा डोळा तयार करण्यास वर्षे लागतात.

वाडीची भाषा आणि फॉर्म

या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे तपासणीचा फॉर्म. स्त्री ‘पांढरं जातंय’, ‘अंग बाहेर येतं’, ‘पाळी गेली होती, पुन्हा डाग दिसला’ असे सांगते. शेवटचे वाक्य वैद्यकीय दृष्टीने सर्वांत गंभीर आहे, कारण रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव हे अस्तराच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. घाईतील निवासी डॉक्टर फॉर्मवर केवळ ‘रक्तस्राव’ असे लिहितो, तेव्हा तिच्या सांगण्यातील मोलाचा भाग गळून पडतो. तिची भाषा ऐकून ती अचूक नोंदविणे हा विकृतिशास्त्राच्या प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

निष्कर्ष

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा आरोग्ययंत्रणेत तीन महिने काम करणे आता अनिवार्य आहे. या काळात निवासी डॉक्टरने स्वतः घेतलेला नमुना स्वतः भरलेल्या फॉर्मसह पाठवावा, त्याची काचपट्टी विकृतितज्ज्ञासमवेत पाहावी आणि अहवाल त्या स्त्रीला तिच्या भाषेत समजावून सांगावा, अशी रचना झाल्यास तीन महिन्यांचे सार्थक होईल. मुंबईच्या परंपरेने वाचन शिकविले, गडचिरोली व बार्शीने कोणाचे वाचन राहून गेले ते दाखविले. अहवाल लोहगडवाडीचा चढ चढून ज्या दिवशी वेळेवर घरी पोहोचेल, त्या दिवशी या दोन्ही धारा एकत्र आल्या असे म्हणता येईल.