उंदराने खांदा का खाजवला?

पेपर वाचताना ‘टेस्ट केली’ असं दिसलं की लगेच विचारा, टेस्टने नेमकं मोजलं काय? ही सवय का हवी, त्यासाठी १९८७ च्या कॅनडाची गोष्ट बघा.

त्या नोव्हेंबरात तिथे मसल खाऊन माणसं आजारी पडू लागली. मसल म्हणजे आपल्याकडच्या शिनाण्यांचे थंड पाण्यातले भाऊबंद. आधी उलट्या-जुलाब आणि मग, हे नवीनच होतं, काहींची स्मृती गेली. पक्के रुग्ण १०७, त्यातले किमान तिघे दगावले. वाचलेल्यांपैकी काहींना पुढे नवीन काही लक्षातच राहीना. माग काढत गेल्यावर माल प्रिन्स एडवर्ड बेटाच्या पूर्व भागातला निघाला.

शिंपल्यांच्या विषासाठी तेव्हा एक जुनी टेस्ट होती. कॅलिफोर्नियात सोमर आणि मेयर यांनी १९३० च्या दशकात बसवलेली. शिंपल्याचा अर्क उंदराला टोचायचा आणि तो किती मिनिटांत मरतो ते बघायचं. वीस ग्रॅमचा उंदीर पंधरा मिनिटांत मारणारी मात्रा म्हणजे एक ‘माऊस युनिट’. ही टेस्ट लकवा आणणाऱ्या विषासाठी होती, तिच्या हिशेबात फक्त मिनिटं.

या वेळचे उंदीर मेले खरे, पण त्याआधी मागच्या पायाने खांदा खाजवत राहिले, मग त्यांना झटके आले. लकव्याच्या विषात असं होत नाही. ‘खाजवणं’ मोजायला टेस्टमध्ये जागाच नव्हती, तरी बघणाऱ्याने ते टिपलं. माझ्या मते सगळा शोध तिथेच लागला. हॅलिफॅक्सच्या प्रयोगशाळेने अर्काचे भाग वेगळे केले, ज्या भागाने उंदीर तसे वागतात तो पुढे न्यायचा, बाकीचे सोडायचे. १०४ तासांत नाव हाती आलं: डोमोइक आम्ल.

आता गंमत बघा. हे रसायन अनोळखी नव्हतंच! जपानमध्ये एका लाल समुद्रशैवालातून ते १९५८ मध्येच वेगळं केलं होतं. ते शैवाल तिथे जंताचं घरगुती औषध. मुलांना साधारण २० मिलिग्रॅम दिलं तरी त्रास होत नसे. कॅनडातल्या आजाऱ्यांच्या पोटात मात्र ६० ते २९० मिलिग्रॅम गेलं होतं.

मग ते मसलमध्ये आलं कुठून? त्यांच्या आतड्यात एकच डायटम खच्चून भरला होता, आज ज्याला स्यूडो-निट्झ्शिया म्हणतात तो. डायटम असं विष बनवतात हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. प्रयोगशाळेत वाढवल्यावरही तो डोमोइक आम्ल बनवतो हे दिसलं, तेव्हा प्रश्न मिटला. मसलला स्वतःला काही होत नाही, तो फक्त पाणी गाळत बसतो.

एकदा नाव कळल्यावर जुन्या बरण्याही बोलायला लागल्या. १९६१ मध्ये माँटेरे उपसागराच्या काठी समुद्रपक्षी सैरभैर होऊन घरांवर आदळले होते. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मागची ती एक बातमी. त्या वर्षीचे प्लवकांचे जपून ठेवलेले नमुने अर्ध्या शतकाने तपासले, तर प्राणिप्लवकांच्या पोटात स्यूडो-निट्झ्शिया निघाला.