वेबसाइटवरची त्रासदायक जाहिरात: येते कुठून, थांबते कशी?

बातमी वाचता वाचता मोबाइलवरचं पान अचानक बदलतं आणि 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस शिरला आहे' असा इशारा झळकतो. वाचक चिडतो तो पोर्टलवर. पण ती जाहिरात बहुतेक वेळा संपादकानेही पाहिलेली नसते. छापील पेपरात जाहिरात आधी टेबलावर येते, मग पानात लागते. वेबसाइट मात्र फक्त रिकामी जागा देते. पान उघडत असतानाच त्या जागेचा लिलाव होतो आणि मधल्या दोन-चार दलालांच्या हातून जाहिरात येऊन पडते.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. सप्टेंबर २००९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साइटवर कुणीतरी व्होनेज या फोन कंपनीच्या नावाने जागा घेतली. आधी साध्या जाहिराती दाखवल्या आणि शनिवार-रविवार गाठून बनावट अँटिव्हायरसचा इशारा लावला. शेवटी टाइम्सला बाहेरच्या सर्व्हरवरून येणाऱ्या जाहिराती काही काळ थांबवाव्या लागल्या.

खरी अडचण चोर सापडण्याची. एकाच पानावर बेळगावच्या वाचकाला एक जाहिरात दिसते, इंदूरच्या वाचकाला दुसरी, आणि कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर तिसरीच. त्यामुळे 'तुमच्या साइटवर घाण जाहिराती येतात' एवढ्या तक्रारीवरून काही हाती लागत नाही. स्क्रीनशॉट, वेळ, फोन कोणता आणि जाहिरातीने उघडलेल्या पानाचा पत्ता मिळाला, तर नेटवर्कला ती शोधता येते. मग साइटचालक आपल्या खात्यातून तो पत्ता ब्लॉक करतो. सट्टा, झटपट कर्ज असे अख्खे प्रकारही बंद करता येतात. पण बोली लावणारे कमी झाले की कमाईही घटू शकते. शिवाय तोच माणूस नव्या पत्त्याने परत येतो, हे आलंच.

म्हणून कुंपण घालणं जास्त कामाचं. जाहिरात 'सँडबॉक्स' केलेल्या चौकटीत ठेवली, की तिला अख्खं पान दुसरीकडे पळवायला ब्राउझर परवानगी देत नाही. 'ॲड्स डॉट टीएक्सटी' ही २०१७ पासूनची फाइल मात्र वेगळ्या कामाची: साइटची जागा विकायचा अधिकार कुणाला, एवढंच ती सांगते. जाहिरात चांगली की वाईट, ते नाही.

दुर्लक्ष महागात पडतं. पॉप-अप, आपोआप आवाजासह सुरू होणारा व्हिडिओ, मोबाइलवर पानाचा ३० टक्क्यांहून जास्त भाग व्यापणाऱ्या जाहिराती यांवर क्रोम ब्राउझरची नजर असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका-युरोपात आणि ९ जुलै २०१९ पासून जगभर हा नियम लागू झाला. इशारा देऊनही सुधारणा नसेल, तर त्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम अडवतो, चांगल्याही. लहान पोर्टलचं उत्पन्नच तिथे थांबतं.

नेटवर्क दाद देत नसेल, तर ते सोडणं हाच उपाय उरतो. काही साइट मग गावातल्या सराफाची, क्लासची जाहिरात थेट घेतात आणि चित्र स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतात. वसुलीला मात्र माणूस लागतो.